संध्याकाळच्या जेवणाचं घड्याळ



चातुर्मास जवळ आला की एकच प्रश्न चहूकडून येतो. "ताई, सून साडेसातला घरी येते, मी सहाला. दिवस मावळायच्या आत जेवायचं तरी कसं? शेजारीण रविवारीच पाच दिवसांचं रांधून फ्रीजमध्ये ठेवते. आपण काय करायचं?"

आपली अडचण दुहेरी आहे. सूर्यास्तानंतर खायचं नाही आणि मर्यादेबाहेरचंही खायचं नाही. पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीनच. डाळ, भात, कढी, खिचडी दोन प्रहर, म्हणजे सहा तास. पोळी-पुरी चार प्रहर. आपण हे आजीच्या तोंडून शिकलो, पण ते लिहूनही ठेवलेलं आहे. अठराव्या शतकात राजस्थानात पंडित किशनसिंह आणि पंडित दौलतराम कासलीवाल यांनी श्रावकाच्या आचारावर 'क्रियाकोश' रचले. तेही संस्कृतात नाही, घरातल्या माणसांना कळेल अशा भाषेत, पद्यात. जातं, चूल, पाणी गाळणं, सगळं त्यांत येतं. आगाऊ बेत आखण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही, एवढं यावरून कळतं.

रात्रीभोजनाचा विचार तर फार जुना. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात रात्रिभुक्तिविरती ही अकरा प्रतिमांतली सहावी. अन्न, पान, खाद्य, लेह्य, चारही वर्ज्य. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात शंका घेणाऱ्याचाही प्रश्न घेतला आहे: दिवसा उपाशी राहून रात्रीच जेवलं तर काय बिघडलं? दिवा लावला तरी अन्नात पडणारे सूक्ष्म जीव कसे टाळाल, असं ते विचारतात. "आता ट्यूबलाइट आहे की" म्हणणाऱ्या आमच्या धाकट्या दिरांना मी हे दाखवलं. ते गप्प बसले, निदान त्या संध्याकाळपुरते.

पण मला अडवतं ते कार्तिकेयानुप्रेक्षेतलं वर्णन. रात्रिभोजनाचा त्यागी स्वतः तर खात नाहीच, दुसऱ्यालाही खाऊ घालत नाही, असं तिथे आहे. आता सांगा, साडेपाचला स्वतः जेवून नऊ वाजता मुलासाठी पुन्हा तवा चढवणाऱ्या बाईचं काय? आपल्यातल्या कितीजणी वर्षानुवर्षं हेच करत आल्या. व्रत आपलं आणि वेळ दुसऱ्याची.

ही वेळ ठरवली घड्याळाने. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'मुंबई टाइम' चालू ठेवला. आपल्या दृष्टीने याचा अर्थ बघा. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य प्रमाणवेळेने सहाच्या सुमारास मावळतो. मुंबई टाइमने तेव्हा पाच वीस झालेले असत. समजा कचेरी साडेपाचला सुटते. जुन्या घड्याळाने चालणाऱ्या कचेरीतला माणूस बाहेर पडेपर्यंत दिवस मावळलेला. नव्या घड्याळाने चालणाऱ्याच्या हातात अर्धा तास. पुढे महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळं आणखी तासभर पुढे होती. म्हणजे तोच सूर्यास्त सातला! कारण युद्धाचं, पण सवड मिळाली ती आपल्या ताटाला.

बाजारपेठेतल्या पुरुषांनी आपली सोय वेगळी केली. मुंबईच्या व्यापारी भागांत चौविहार हाऊस आहेत. दुकानातून उठायचं, सूर्यास्तापूर्वी जेवायचं, परत गादीवर.

या सगळ्या काळात घड्याळ पुढे जावो की मागे, घरात एक माणूस सूर्यावरच चालत होतं. माझी आजी चार वाजता कणीक भिजवायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण ती बघायची अंगणातली सावली. तिच्यामुळे घराचं व्रत चाललं, आणि श्रेय मिळालं ते 'आमच्या घराण्याची परंपरा' या शब्दांना. आज चार वाजता घरी कोणीच नसतं. म्हणून फ्रीज की व्रत असा प्रश्न पडतो. मला विचाराल तर खरा प्रश्न आजीची ती चार वाजताची जागा कोणी घ्यायची हा आहे.

आमच्या घरी आता असं चालतं. पावसाळ्यात दळण तीन दिवसांपुरतंच, गिरणीत जायचं काम मुलाचं. सकाळी सात वाजता केलेली पोळी संध्याकाळी सातपर्यंत चालते, डाळ-भात मात्र दुपारी एकनंतर नाही. म्हणून सुनेच्या संध्याकाळच्या डब्यात दशमी किंवा पुरी, ताजी कुटलेली शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, एखादं फळ. पावणेसहाला ती कामाच्या जागीच जेवते. तिची वरिष्ठ बाई पहिल्यांदा हसली होती. हल्ली तीही चटणी मागते. यजमान निवृत्त आहेत, मुगाची खिचडी तेच पाचला लावतात. पहिला आठवडा मीठ विसरत होते.

आणि नऊचा तवा मी बंद केला आहे. मुलगा चार दिवस रुसला, मग त्यानेही दुसरा डबा मागून घेतला.