दिनविशेष – १२ एप्रिल : नद्यांना जलमार्गाचा दर्जा

देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा देणारा कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी लागू झाला. त्याआधी असे जलमार्ग फक्त ५ होते.

आपले इस्लामपूर कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधोमध वसलेले. पण या १११ जलमार्गांतील कृष्णेचा मार्ग कर्नाटकातील गलगलीपर्यंतच येतो. उन्हाळ्यात उथळ होणारे पात्र आणि जागोजागचे बंधारे यांमुळे आपल्याकडे बोटीने मालवाहतूक वाढली नाही. नाव चालली ती मुख्यतः एका काठाहून दुसऱ्या काठाला. पूर्वी या भागासाठी नदीवरचे बंदर म्हणजे घाटाखालचे चिपळूण. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून माल तिथे जाई आणि गोवळकोट धक्क्यावरून वाशिष्ठीतून दाभोळच्या समुद्राकडे निघे. दाभोळ खाडी ते चिपळूण हा ४५ किलोमीटरचा मार्ग आज राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे.

जलमार्गाने मालवाहतुकीचा खर्च आणि इंधन वाचते. मात्र नुसत्या घोषणेने बोटी चालत नाहीत. त्यासाठी गाळ उपसणे, धक्के बांधणे आणि नियमित माल मिळणे गरजेचे आहे.