वॉल्टर कॉफमन : रेडिओच्या सकाळच्या धूनमागचे पियानिस्ट

वॉल्टर कॉफमन (१ एप्रिल १९०७ – ९ सप्टेंबर १९८४) हे पियानोवादक, संगीतकार, वाद्यवृंद-संचालक आणि भारतीय रागसंगीताचे अभ्यासक. हिटलरच्या काळात मुंबईत आश्रय घेतलेल्या यहुद्यांपैकी ते एक. नाव आपल्यातल्या फारच थोड्यांना माहीत असेल, पण त्यांचं काम मात्र आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भायखळ्याला, उमरखाडीला, ठाण्याला किंवा पनवेलला आपल्या घरी सकाळी रेडिओ लावला की बातम्यांच्या आधी एक धून लागायची. खाली तानपुरा आणि वर व्हायोलिन, थोडी उदास वाटणारी. आज लोद, अश्दोद, दिमोनाला राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ती कोणी नुसती गुणगुणून दाखवली तरी चहाचा वास आठवतो! ऑल इंडिया रेडिओची ही ओळखधून १९३६ ची. तिच्या श्रेयाबद्दल इतर नावंही घेतली जातात, पण बहुतेक जाणकार ती कॉफमन यांचीच मानतात. व्हायोलिन मेहली मेहता यांचं असावं, असंही सांगतात.

कॉफमन यांचा जन्म बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा, म्हणजे आजच्या चेक देशातलं कार्लोवी वारी. बर्लिनला त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकली आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएचडीचा अभ्यास केला. पण आपले मार्गदर्शक प्राध्यापक तिथल्या नात्सी तरुणांच्या गटाचे पुढारी आहेत असं कळल्यावर त्यांनी ती पदवी घ्यायलाच नकार दिला. नोकरीच्या बाजारात त्या पदवीला किती किंमत होती हे लक्षात घेतलं, तर माणूस कसा होता ते कळतं.

१९३४ मध्ये ते मुंबईला आले. कारण साधं होतं, हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता. थोडे दिवस राहायचं म्हणून आले आणि बारा वर्षं राहिले. मागे युरोपात काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिची आई एली हिला १९४१ मध्ये पोलंडमधल्या वूजच्या गेटोत नेलं, ती परत आली नाही.

मुंबईत आल्याबरोबर त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल असायची. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. मे १९३७ पर्यंत असे १३६ कार्यक्रम झाले. या मेहलींचा मुलगा म्हणजे झुबिन मेहता, ज्यांना इस्राएल फिलहार्मोनिकचे उस्ताद म्हणून इथे सगळे ओळखतात. १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचं काम बघत होते. शिवाय सिनेमासाठीही संगीत द्यायचे.

आता मुख्य गोष्ट. हिंदुस्थानी संगीताची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांना काहीएक कळलं नाही. हे त्यांनी स्वतःच एका पत्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. पण इतक्या लोकांच्या मनाला जे भिडतं ते निरर्थक असणार नाही, खोट आपल्याच कानात असणार, असा त्यांनी विचार केला आणि ते शिकायला बसले. पुष्कळ साहेब लोक मुंबईत आयुष्य काढून गेले, त्यांना हे सुचलं नाही.

शिकल्यावर अडचण आली ती पियानोची. पियानोचे सूर पक्के बांधलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि मींड नसेल तर राग कसला? आपल्या कीर्तनातल्या पेटीची हीच गोष्ट आहे. १९४० पासून रेडिओनं पेटीला कित्येक वर्षं बंदी घातली, त्याचंही हे एक मोठं कारण होतं. (आपल्या कीर्तनाचं पेटीवाचून चालत नाही, तो भाग वेगळा.) ओळखधूनमध्ये बघा, राग शिवरंजनी आहे. सा, रे, कोमल ग, प आणि ध एवढे पाचच सूर. सुरावट व्हायोलिनकडे दिली, कारण त्याला मींड घेता येते. खाली तानपुरा तसाच ठेवला, युरोपियन पद्धतीचा सुरांचा गठ्ठा त्यावर लादला नाही. दोन्ही संगीतं जवळ आणताना कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना कळलं होतं. ‘अनसूया’ ही रेडिओसाठी लिहिलेली ऑपेराही याच मुंबईच्या वर्षांतली, १९३८ ची.

१९४६ मध्ये ते लंडनला गेले. तिथून कॅनडात हॅलिफॅक्सला पियानो शिकवला आणि १९४८ पासून जवळजवळ दहा वर्षं विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्रा सांभाळला. तिथेच पियानोवादक फ्रीडा ट्रेपेल यांच्याशी दुसरं लग्न झालं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत ब्लूमिंग्टन गावीच राहिले. मुंबई मात्र सुटली नाही. ‘मद्रास एक्सप्रेस’, ‘सिक्स इंडियन मिनिएचर्स’ ही रचनांची नावंच सांगतात. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ चा, आणि दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ चा.

इतकं असून संगीतकार म्हणून त्यांचं नाव मागेच पडलं. युरोपच्या लोकांना ते हिंदुस्थानात गेलेले, हिंदुस्थानला ते परदेशी, आणि अमेरिकेत पुस्तकं लिहिणारे प्राध्यापक. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह इंडियाना विद्यापीठाच्या संगीत-ग्रंथालयात आहे. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकांनी त्यातल्या रचना शोधून वाजवल्या आणि २०२० मध्ये त्यांची सीडी निघाली. तंतुवाद्यांची चौकडी क्रमांक ११ आणि व्हायोलिन-पियानोचा सोनाटा क्रमांक २ त्यात आहे. नातवंडांना सांगा, इंटरनेटवर लावून देतील.