जुन्या गोव्यातील राजरुग्णालय

इ. स. १६०८ मध्ये पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी पोर्तुगीजांचा कैदी म्हणून, आजारी स्थितीत, गोव्यास येऊन पोहोचला. मांडवीकाठच्या एका भव्य वास्तूत त्याला नेण्यात आले, तेव्हा हा राजवाडा नसून रुग्णालय आहे यावर त्याचा विश्वासच बसेना. आत त्याची हजामत झाली, स्वच्छ वस्त्रे मिळाली, कापसाच्या मऊ गादीवर निजावयास मिळाले. आणि जेवण आले ते चिनी मातीच्या व चांदीच्या भांड्यांतून! जगात या तोडीचे दुसरे रुग्णालय नसावे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

१५१० साली गोवा जिंकल्यावर आल्बुकेर्कने या संस्थेचा पाया घातला. खर्च राजाचा, परंतु सेवा धर्मसंस्थेची, अशी तिची घडण होत गेली. प्रथम ‘मिझेरिकोर्दिया’ या धर्मादाय बंधुसंघाने आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट पाद्र्यांनी तिचा कारभार सांभाळला. लिस्बनहून येणाऱ्या गलबतांतून अर्धमेले शिपाई उतरत. त्यांना येथे आसरा मिळे. येथील दार मात्र युरोपीय गोऱ्यांपुरतेच उघडे होते. एतद्देशीय ख्रिस्ती रुग्णांची सोय अन्यत्र केलेली असे. मग हिंदूंची गोष्ट कशाला?

तथापि औषधोपचारात हा सोवळेपणा टिकला नाही. येथील ज्वर आणि अतिसार युरोपीय वैद्यांस नवखे होते. गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात देशी वैद्यांच्या औषधांची आवर्जून दखल घेतली. चारच वर्षांनी, १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्त्यांनी परधर्मीय वैद्यांकडे जाऊ नये असे फर्माविले. फर्मान निघाले खरे. पण मोठमोठे अधिकारीही या ‘पंडितां’ना बोलावीतच राहिले. अखेर १६१८ मध्ये नगरपालिकेने परीक्षा घेऊन तीस हिंदू वैद्यांना परवाने देण्याचे ठरविले. बंदी मोडली ती वादविवादाने नव्हे, तापाने!

पुढे वैभव ओसरले. सतराव्या शतकाच्या मध्यास ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोव्यास आला, तेव्हा रुग्णालयाची कीर्ती जुनी झाली होती. आत गेलेले अनेक युरोपीय थडग्याच्या वाटेनेच बाहेर पडतात, असे तो लिहितो. पाण्यासाठी तळमळणारे गरीब रोगी सेवकांच्या हातावर पैसे ठेवून रात्री चोरून पाणी मिळवीत. शीर कापून रक्त काढणे हा तेथला मुख्य उपचार. तो एकेका रोग्यावर तीस-चाळीस वेळाही होई. रोगी पिवळा पडला की त्याला रोज तीन पेले, सकाळी, दुपारी व सायंकाळी, असे बारा दिवस गोमूत्र पाजीत. हा उपाय पाद्र्यांच्या रुग्णालयाने येथील हिंदूंकडूनच उचलला होता.