हत्याराची लांबी

लांब तरवार दिसली कीं ती शूराचीच असली पाहिजे, असें मुलांना वाटतें. आणि मोठ्यांचेंही मत बहुधा याहून फारसें निराळें नसतें. आम्हांस मात्र मराठ्यांच्या इतिहासावरून असें दिसतें कीं, हत्याराची योग्य लांबी जागेवर, तालमीवर आणि धरणाऱ्याच्या अंगावर अवलंबून असते.

प्रथम जागेचा विचार करूं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं शिवाजीमहाराज व अफझलखान यांची भेट झाली. आलिंगनाच्या अंतरांत तरवार उपसावयास सवड कोठली? तेथें बिचवा व वाघनखें हींच आखूड हत्यारें कामास आलीं, असें बखरी सांगतात. एप्रिल १६६३ मध्यें पुण्याच्या लाल महालांत छापा पडला, तेव्हां रात्रीचा अंधार आणि भोंवतीं भिंती. तेथें भाला फिरविणार तरी कसा? शाएस्तेखानाचीं बोटें तुटलीं तीं तरवारीनें. उलट मोकळ्या मैदानांत स्वाराला लांब भाल्याचाच आधार, कारण शत्रूची तरवार पोंचण्यापूर्वीं तो पोंचतो. विट्याला तर दोरी बांधीत, म्हणजे फेंकलेलें हत्यार परत ओढून घेतां येई.

दुसरी गोष्ट तालमीची. पट्ट्याचें पातें लांब, सरळ व लवचीक असतें आणि त्याची मूठ हाताला जवळजवळ कोपरापर्यंत झांकते. त्यामुळें मनगट अडकून पडतें व सारा फेर कोपर आणि खांदा यांतून घ्यावा लागतो. नवशिक्याच्या हातीं असला पट्टा त्याचाच घात करावयाचा.

अंगाचें माप पाहावयाचें तर थोडें दूर, गुलमर्गच्या बर्फावर जाऊं. तेथें घसरत जाण्यासाठीं पायांस ज्या लांब फळ्या बांधतात, त्यांस स्की म्हणतात. नवशिक्यास सुमारें हनुवटीपर्यंत येणारी स्की देतात, कारण आखूड स्की लवकर वळते. वेगानें उतरणाऱ्या जाणत्यास डोक्याइतकी किंवा त्याहूनही लांब चालते, कारण वेगांत ती स्थिर राहते.

आपल्या घरांतही हा प्रश्न येतोच. मुलगा पुढें वाढेल म्हणून आपण त्याला मोठी बॅट आणतों. क्रिकेटच्या नियमांतील ३८ इंच ही बॅटीच्या लांबीची कमाल मर्यादा आहे. ती गांठलीच पाहिजे, असें कोणीं सांगितलें? न पेलणारी बॅट उचलतां उचलतां मुलाचा हात वांकडा वळण घेतो, आणि तें वळण पुढें उंची वाढली तरी जात नाहीं. म्हणून मुलाला आधीं उभें करून पाहावें, आणि मग बॅट निवडावी.