पुसण्याची किंमत

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पाठ केलं होतं : तार अर्धी केली की तिचा रोधही अर्धा होतो. मग तार आखूड करत गेलो, तर शेवटी रोध शून्याच्या जवळ जायला हवा. खरंच जातो का? परीक्षेत हे कधी आलं नाही, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला रोल्फ लँडाउअर यांच्या कामात सापडलं. १९२७ साली स्टुटगार्टमध्ये एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. १९३८ मध्ये नाझी जर्मनी सोडून ते अमेरिकेत आले आणि १९५२ मध्ये आयबीएममध्ये रुजू झाले. १९५७ साली त्यांनी विजेच्या वहनाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. इलेक्ट्रॉन ही लाट आहे, आणि अडथळ्यांतून त्या लाटेचा किती भाग पार जातो यावर वाहकता ठरते. पुढची वीसेक वर्षं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

१९८८ मध्ये नेदरलँड्स आणि केंब्रिजमधल्या दोन गटांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये, अतिथंड तापमानात, एक अरुंद वाट तयार केली. वाट इतकी आखूड की इलेक्ट्रॉन कुठेही न धडकता पलीकडे जावा. तरी रोध शून्य झाला नाही. वाट रुंद करत गेल्यावर वाहकता सलग न वाढता पायरी-पायरीने वाढली. पहिल्या पायरीवर रोध होता सुमारे १२,९०६ ओहम.

अडथळाच नाही, तर हा रोध कुठला? तो वाटेत नसतो, टोकांशी असतो. रुंद धातूतून असंख्य इलेक्ट्रॉन येतात, पण वाटेत मोजक्याच मार्गिका असतात. लोकलचा डबा आत मोकळा असला तरी दाराशी चेंगराचेंगरी होते, तसंच. उष्णताही मुख्यतः टोकांकडच्या धातूतच निर्माण होते.

याच लँडाउअर यांनी १९६१ मध्ये आणखी एक प्रश्न सोडवला : गणन करताना कमीत कमी किती उष्णता सोडावीच लागते? त्यांचं उत्तर असं, की अटळ किंमत माहिती पुसण्याची असते. बिट पुसण्याआधी दोन शक्यता असतात, नंतर एकच उरते. त्याची भरपाई उष्णतेने होते. खोलीच्या तापमानाला दर बिटमागे सुमारे ३ झेप्टोज्यूल, म्हणजे दशांशचिन्हापुढे २० शून्यं आणि मग ३. न पुसता गणन करता येतं, हे त्यांचे सहकारी चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये दाखवलं.

लँडाउअर १९९९ मध्ये गेले. २०१२ मध्ये पाण्यातला सिलिकाचा एक सूक्ष्म मणी लेझरने धरून फ्रान्समधल्या लियाँमध्ये ही मर्यादा प्रयोगाने तपासली गेली. ती खरी निघाली.

तुमच्या हातातला फोन तापतोय, त्याचा दोष या मर्यादेला देऊ नका. आजच्या चिप त्याहून हजारो पट ऊर्जा खर्च करतात. पण मी दिवसभर कोडमध्ये जुन्या व्हॅल्यूवर नवी लिहितो, आणि ते फुकट आहे असं धरून चालतो. फुकट नाही. कितीही चांगला कोड लिहिला, तरी विसरण्याचं बिल कुणालातरी भरावंच लागतं.