टारच्या पोटात अजून टेपच आहे

रिसर्चला सुरुवात केली की पहिल्या काही महिन्यांतच कोणीतरी आपल्याला एखादी टार फाइल पाठवतं. सीनियर सांगतो, ‘टार एक्सव्हीएफ मार, उघडेल.’ आपण मारतो, फाइल उघडते, विषय संपतो. पण ही फाइल अशी का बनली हे नीट पाहिलं, तर आपल्या डेटाच्या बॅकअपबद्दल एक कामाची गोष्ट कळते.

टार म्हणजे टेप आर्काइव्ह. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, हा प्रोग्राम आला. त्याआधी हे काम टीपी नावाचा प्रोग्राम करायचा. टीपी टेपच्या सुरुवातीलाच सगळ्या फाइल्सची यादी लिहायचा, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. सोयीचं होतं, पण तेवढा सुरुवातीचा तुकडा खराब झाला की पुढचा डेटा शाबूत असूनही कुठली फाइल कुठे सुरू होते हे कळायचा मार्गच नाही. टारने ही यादी काढून टाकली. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचा हेडर, मग ती फाइल ५१२ च्या पटीत, मग पुढचा हेडर. शेवटी नुसत्या शून्यांचे दोन ब्लॉक. टेप पुढे सरकत जाते, म्हणून रचनाही तशीच.

हेडरमधले आकडे तर चक्क अक्षरांत लिहिलेले असतात, तेही अष्टमान पद्धतीत. कारण युनिक्स तेव्हा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जायला लागलं होतं आणि प्रत्येक यंत्राची बाइट मांडायची पद्धत वेगळी. अक्षरं मात्र सगळ्यांना वाचता येतात. फाइलच्या आकारासाठी ११ अष्टमान अंक ठेवले, म्हणजे कमाल ८ जीबी. तेव्हाच्या २,४०० फुटांच्या रिळावर १,६०० बीपीआयने ५० एमबीसुद्धा मावत नसत, त्यामुळे ही मर्यादा कोणाला जाचली नसणार! (पुढे ती वाढवावी लागलीच.)

आपण टाइप करतो त्या ‘एफ’चं मूळही टेपमध्येच आहे. सातव्या आवृत्तीत ‘एफ’ दिला नाही तर टार थेट टेप ड्राइव्हवर लिहायचा. दुसरीकडे लिहायचं असेल तरच ‘एफ’ आणि पुढे नाव. आज आपण तो अपवादच रोज वापरतो.

लिनक्सवर टेप ड्राइव्हला दोन नावं असतात: /डेव्ह/एसटी० आणि /डेव्ह/एनएसटी०. पहिलं वापरलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्यात ती जिथल्या तिथे थांबते. आता सोमवारचा बॅकअप एसटी०वर घेतला आणि मंगळवारचाही तिथेच, तर मंगळवारचा सोमवारच्या डोक्यावर बसतो. एररही येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं.

आता मुख्य मुद्दा. टारच्या हेडरमध्ये चेकसम असतो, पण तो फक्त हेडरचा. फाइलच्या आतल्या मजकुराचा नाही. टारने ते काम ड्राइव्हवर सोडलं होतं. नऊ ट्रॅकच्या टेपवर प्रत्येक बाइटच्या आठ बिटांशेजारी नववा बिट पॅरिटीचा असायचा, चूक तिथेच पकडली जायची. आज तीच टार फाइल पेनड्राइव्ह, लॅबचा सर्व्हर, कोणाचा तरी लॅपटॉप असा प्रवास करते. वाटेत तुमच्या रीडिंगमधला एक अंक बदलला, तर साधा टार तक्रार न करता फाइल उघडून देईल आणि तो चुकीचा अंक थेट थिसिसच्या ग्राफमध्ये जाईल. जीझिपने दाबलेली असेल तर निदान सीआरसीमुळे ते कळतं. म्हणून मला नुसती टार फाइल जपून ठेवणं धोक्याचं वाटतं.

जीएनयू टारमध्ये यासाठी ‘डी’ आहे. बॅकअप घेतल्यावर मूळ फोल्डर हलवायच्या आधी ‘टार डीव्हीएफ’ आणि पुढे आर्काइव्हचं नाव द्या. तो आर्काइव्हमधली प्रत्येक फाइल डिस्कवरच्या फाइलशी ताडून पाहतो आणि फरक असेल तर नाव सांगतो. मूळ डेटा लॅबच्या मशीनवर आहे तोवरच हे करता येतं. पुढच्या वर्षांसाठी त्याच दिवशी एसएचए२५६सम काढून तो आकडा लॅब नोटबुकात तारखेसह चिकटवून ठेवा.