बडोद्याचा मोत्यांचा गालिचा : देशाबाहेर गेलेले भरतकाम

१/
अंबाजोगाईच्या एखाद्या घरातून पितळी हंडा चोरीस गेला, तर दुसरा आणता येतो. आजीने जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी गेली, तर तिची भरपाई होत नाही. बाजारात तिला किंमत नसते आणि घरात तिला पर्याय नसतो. हाताच्या टाक्यांनी घडलेली वस्तू हातातून जाण्याचे हे दुःख एका मराठी राजघराण्याच्या इतिहासातही आढळते.

२/
खंडेराव गायकवाड १८५६ साली बडोद्याच्या गादीवर आले. जडजवाहिराचा त्यांना मोठा षोक होता. १८६५ च्या सुमारास त्यांनी मोत्यांच्या भरतकामाचा एक संच करवून घेतला : चार गालिचे आणि एक गोलाकार छत. मदिनेतील पैगंबरांच्या कबरीला अर्पण करण्यासाठी तो होता, असे परंपरा सांगते. एका मराठा राजाने इस्लामच्या पवित्र स्थानासाठी असा नजराणा योजावा, यात त्या काळच्या श्रद्धाजीवनाचे मोकळे रूप दिसते.

३/
आता कामाकडे पाहू. रेशीम आणि हरणाचे मऊ कातडे यांचा पाया. त्यावर इराणी आखातातील बारीक ‘बसरा’ मोती, एका गालिच्यात अंदाजे १५ ते २० लाख. जोडीला रंगीत काचमणी, २,५०० हिरे, माणके, पाचू आणि नीलमणी. लांबी सुमारे २.६ मीटर, रुंदी सुमारे १.७ मीटर. एवढ्या जागेत प्रत्येक मोती सुईदोऱ्याने बसवलेला आहे.

४/
१८७० साली खंडेराव निवर्तले आणि नजराणा मदिनेला गेलाच नाही. तो बडोद्याच्या खजिन्यात राहिला. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात हे काम मांडले गेले, तेव्हा ते बडोद्याचे भूषण म्हणून ओळखले जात होते.

५/
१९३९ साली सयाजीरावांचे नातू प्रतापसिंह गादीवर आले. १९४३ साली त्यांनी सीतादेवी यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढे सीतादेवींनी मोनॅको येथे संसार थाटला आणि खजिन्यातील अनेक मौल्यवान वस्तू युरोपात पोहोचल्या. त्यांत हा गालिचाही होता. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

६/
मार्च २००९ मध्ये दोहा येथील लिलावात हा गालिचा सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गोल छत २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्रपणे विकले गेले. चार गालिच्यांपैकी आज हा एकच ज्ञात आहे. एकत्र पाहण्यासाठी घडवलेला संच कायमचा फुटला.

७/
ही चोरी म्हणावी काय? राजाची खासगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती, हा वाद विलीनीकरणाच्या वेळी अनेक संस्थानांत निघाला. कायद्याच्या भाषेत उत्तर काहीही असो, ज्या राज्याच्या महसुलावर हे काम उभे राहिले, त्या राज्यातील प्रजेच्या वारसांना ते पाहण्यासाठी आज समुद्र ओलांडावा लागतो. ज्या मदिनेसाठी ते योजले होते, तिथेही ते पोहोचले नाही.

८/
आणखी एक हानी याहून खोल आहे. करवून घेणाऱ्याचे नाव इतिहासाने जपले, नेणाऱ्यांचे जपले, किंमतही डॉलरपर्यंत नोंदवली. लाखो मोती ओवताना ज्यांचे डोळे शिणले, त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव या कहाणीत येत नाही. गोधडी हरवली तर ती कोणी शिवली, कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे सांगणारे कोणीतरी घरात असते. बडोद्याच्या कारागिरांसाठी असा शोक करणारेही कोणी उरले नाही.

९/
म्हणून संग्रहालयात जुने भरतकाम पाहताना त्याची किंमत वाचून पुढे जाऊ नये. ते कोणी केले, कोणासाठी केले आणि येथवर कसे आले, हे तीन प्रश्न विचारावेत. जिथे उत्तर मिळत नाही, तिथेच काहीतरी हिरावले गेलेले असते.